चार केगचा केजरेटर कमी खर्चात करायचाय, फ्रीज घेऊ का चेस्ट फ्रीझर?

पहिलीधार:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली घरी बिअर करतोय आणि आजपर्यंत सगळी बाटल्यांतच भरली. दर बॅचला पन्नासेक बाटल्या घासायच्या, निर्जंतुक करायच्या, बुचं लावायची, याचा आता खरंच कंटाळा आलाय. ओळखीतून १९ लिटरचे चार कॉर्नी केग (स्टीलच्या उंच टाक्या) मिळालेत, बॉल लॉकवाले म्हणजे नळ्या दाबून झटकन जोडता येणारे, आधी सॉफ्ट ड्रिंकचे होते. तयार केजरेटर, म्हणजे केग थंड ठेवून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसच्या दाबाने नळातून बिअर काढायचा फ्रीज, बघून आलो पण बहुतेकांत एक नाहीतर दोनच केग बसतात आणि किंमत बघितल्यावर विषयच संपला. त्यामुळे आपला आपणच बनवायचं ठरवलंय.

विचारायचं असं की जुना उभा फ्रीज घ्यावा का चेस्ट फ्रीझर? चार नळ एकदमच बसवावेत का? आणि पैसे कुठे वाचवले तर चालतील, कुठे अजिबात वाचवू नयेत? घरच्यांची अट एकच आहे, गॅसचं काही धोक्याचं नको.

लाकूडतोड्या:
चार केग म्हणजे चेस्ट फ्रीझरच, आणि सेकंडहँड घ्या, त्यात काही वाईट नाही. फक्त विकत घ्यायच्या आधी एक काम नक्की करा. पुठ्ठ्याचे २३ सेंमी व्यासाचे चार गोल कापा आणि ते घेऊनच फ्रीझर बघायला जा. केगचा व्यास साधारण २२ असतो, वरचा एक सेंमी हाताला आणि नळ्यांना. आतल्या तळावर गोल मांडून बघा, लिटरच्या आकड्यावर जाऊ नका कारण कंप्रेसरवरचा जो उंचवटा असतो तो त्या आकड्यात धरलेला असतो पण तिथे केग उभा राहत नाही. उंचवट्यावर गॅस सिलिंडर मात्र छान बसतो.

आता महत्त्वाचं. फ्रीझरच्या भिंतीला ड्रिल लावायचं नाही. चेस्ट फ्रीझरच्या पत्र्याच्या लगेच आत थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात, बाहेरून काहीच कळत नाही. माझा पहिला फ्रीझर असाच गेला. अर्धं भोक पाडून झालं होतं, बारीक फुस्स आवाज आला, ड्रिल बंद केलं, तोपर्यंत खेळ खलास. शिवाय आताच्या बऱ्याच फ्रीझरमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेट घेणारा गॅस आहे, म्हणजे प्रश्न नुसत्या पैशांचा नाही.

त्यापेक्षा झाकण काढायचं, फ्रीझरच्या काठाच्या मापाची लाकडी चौकट करायची आणि ती डबा आणि झाकण यांच्या मध्ये बसवायची. १४ ते १८ सेंमी उंचीची फळी पुरते. नळ त्या लाकडातून काढायचे, फ्रीझरला ओरखडाही येत नाही. उद्या हौस फिटली तर चौकट काढा, फ्रीझर परत फ्रीझर.

चौकट झाकणाला जोडावी का खालच्या डब्याला, यावर मी बराच डोकं खाजवलंय. डब्याला जोडली तर काम सोपं पण मग भरलेला केग तेवढा जास्त वर उचलायला लागतो. झाकणाला जोडली तर नळासकट सगळं एकत्र वर उघडतं, केग उचलायची उंची वाढत नाही, फक्त नळ्या थोड्या सैल ठेवायच्या आणि बिजागऱ्या दणकट हव्यात. मी झाकणाला जोडलीय आणि परत केली तरी तशीच करेन. चौकटीच्या आतून थर्मोकोल किंवा फोमची शीट लावा, फटी सिलिकॉनने भरा, लाकूड आतूनबाहेरून नीट रंगवा नाहीतर ओल धरतं. नळाच्या शँकला (लाकडातून आरपार जाणारी मागची नळी) २२ मिमीचं भोक लागतं, होल सॉने पाडा. शँक घ्यायच्या आधी लाकूड अधिक थर्मोकोल अशी जाडी मोजा, शँक आखूड पडली की सगळं अडतं.

नळदमयंती:
लाकूडतोड्या यांनी लाकडाचं सगळं सांगितलंय, मी पाण्याचं आणि गॅसचं सांगते.

पैसे वाचवायचे तर नळात वाचवा. म्हणजे हलके नळ घ्या असं नाही, कमी नळ घ्या. चौकटीला आत्ता दोन भोकं पाडा, दोन चांगले स्टीलचे फॉरवर्ड-सीलिंग (पुढे तोंडाशी बंद होणारे) नळ बसवा आणि बाकीच्या दोन केगना साधे प्लास्टिकचे पिकनिक टॅप लावून ते आतच ठेवा, झाकण उघडायचं, दाबायचं, ग्लास भरायचा. पुढे पैसे जमले की भोकं वाढवता येतात. क्रोम चढवलेले स्वस्त पितळी नळ मी वापरलेत, क्रोम आतून झिजतं, आणि मागे सील असणाऱ्या नळात बिअर सुकून चिकटते, दोन दिवसांनी दांडा हलत नाही.

रेग्युलेटर (गॅसचा दाब ठरवणारा), चेक व्हॉल्व असलेला मॅनिफोल्ड (एका सिलिंडरचा गॅस सगळ्या केगना वाटणारा, उलटा न येऊ देणारा जोड) आणि ओ-रिंगा (सांधे बंद करणाऱ्या रबरी कड्या) यात वाचवू नका. जुन्या सॉफ्ट ड्रिंकच्या केगच्या सगळ्या ओ-रिंगा बदला, एकही ठेवू नका, रबरात तो गोड वास इतका मुरलेला असतो की तुमच्या लागर बिअरला ऑरेंज सोड्याचा वास येईल.

गळतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण मी यात एक भरलेला सिलिंडर गमावलाय. रात्री सगळं जोडलं, काटा बघितला, मस्त, झोपले. सकाळी काटा शून्यावर. कुठून गेला म्हणून नंतर साबणाचं पाणी फवारून तासभर बघत बसले तेव्हा मॅनिफोल्डच्या एका क्लिपखाली मोहरीएवढा बुडबुडा दिसला, हळूहळू फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. एवढ्याशा जागेतून एका रात्रीत सगळं. आणि सिलिंडरच्या काट्यावर विसंबू नका, आत द्रवरूप सीओटू आहे तोवर तो काटा जवळजवळ तिथेच राहतो, खाली यायला लागला म्हणजे संपत आलंच. किती उरलंय ते वजनकाट्यावरच कळतं.

सिलिंडरला रेग्युलेटर जोडताना मधे वॉशर असतो, तो लावायचा आणि तिथे टेफ्लॉन टेप लावायचा नाही, फ्लेअर (पसरट तोंडाच्या) जोडांनाही नाही. एक केग कार्बोनेट करून (बिअरमध्ये गॅस मुरवून) संपेपर्यंत सव्वाशे-दीडशे ग्रॅम सीओटू जातो, म्हणजे गळती नसेल तर सव्वादोन किलोच्या सिलिंडरवर दहा-बारा केग आरामात निघतात. तीन केगमध्येच संपला तर गळती शोधा.

थंडगार:
मी जरा वेगळं बोलतो. भरलेला केग २३ किलोच्या आसपास जातो. तो कमरेच्याही वर उचलून काठावरून आत सोडायचा, हात लांब करून, वाकून. पाठ धड असेल तर ठीक, माझी नाही. मी जुना उभा फ्रीज घेतला, मधले कप्पे काढले, दाराच्या आतला प्लास्टिकचा सांगाडा कापून काढला आणि नळ दारातून काढले. दारात सहसा गॅसच्या नळ्या नसतात, तरी दारावर पाण्याचा डिस्पेन्सर किंवा डिस्प्ले असेल तर वायरी बघून घ्या. तीन केग बसले, चौथा नाही. तुम्हाला चारच हवेत तर चेस्टच घ्या, पण उचलायला दुसरा माणूस घरात आहे ना ते आधी बघा.

पहिलीधार:
खूप आभार सगळ्यांचे. पुठ्ठ्याचे गोल घेऊन खरंच गेलो! पहिल्या फ्रीझरमध्ये तीनच बसले, विकणारा मात्र चार बसतील म्हणून शपथेवर सांगत होता. दुसऱ्यात, साधारण २०० लिटरचा आहे, चार तळाला आणि सिलिंडर उंचवट्यावर. घेऊन टाकला. उचलायला भाऊ आहे.

दोन शंका उरल्यात. फ्रीझर तर सगळं गोठवणार, ते कसं थांबवायचं? आणि मित्राकडे दर वेळी अर्धा ग्लास फेसच येतो, ते का होतं?

नळदमयंती:
गोठण्यासाठी बाहेरचा टेम्परेचर कंट्रोलर, इंकबर्डसारखा. फ्रीझरचा प्लग त्यात, त्याचा प्लग भिंतीत. ३-४ अंशांवर ठेवा, एक अंशाचा फरक द्या आणि कंप्रेसर डिले (बंद झाल्यावर परत सुरू व्हायच्या आधीचा थांबा) पाच मिनिटं तरी. प्रोब (कंट्रोलरची तापमान मोजणारी वायर) हवेत लटकत ठेवला तर झाकण उघडलं की कंप्रेसर सुरू, बंद केलं की बंद, त्यात कंप्रेसर मरतो. प्रोब केगच्या पोटाला टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा.

फेस बहुतेक वेळा नळी आखूड असल्यामुळे येतो. केगमध्ये १२ पीएसआय दाब असतो (३ अंशांवर तेवढ्यात नेहमीच्या बिअरचं कार्बोनेशन बरोबर येतं), तो नळाशी येईपर्यंत हळूहळू उतरायला पाहिजे, नाहीतर बिअर नळातून उसळून बाहेर पडते. ४.८ मिमी आतल्या व्यासाची नळी तीन ते साडेतीन मीटर घ्या आणि केगवर गुंडाळून ठेवा. लोक दाब कमी करून फेस घालवायला बघतात, दोन दिवस बरं वाटतं मग बिअर मुळमुळीत होते.

दुसरं कारण म्हणजे वर गरम खाली गार. चेस्ट फ्रीझरमध्ये गार हवा तळाला बसते आणि नळाजवळची बिअर कोमट राहते, म्हणून पहिलाच ग्लास फेसाळतो. कॉम्प्युटरचा १२० मिमीचा जुना पंखा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर आत सोडा, फरक लगेच दिसेल.

लाकूडतोड्या:
पंख्याला माझंही अनुमोदन. ओल शोषणारी पुन्हा वाळवता येणारी डबी पण ठेवा, नाहीतर महिन्याभरात तळाला पाणी आणि काठाला बुरशी.

घरच्यांच्या अटीबद्दल, सीओटू हवेपेक्षा जड असतो आणि चेस्ट फ्रीझर म्हणजे वरून उघडी टाकी. गळती झाली तर गॅस आतच साठून राहतो. काटा पडलेला दिसला तर आधी झाकण उघडा, खोलीच्या खिडक्या उघडा, बाहेर जाऊन थोडं थांबा आणि मगच गळती शोधायला डोकं आत घाला. सिलिंडर कायम उभा आणि पट्ट्याने बांधलेला. जमलं तर सीओटूचा अलार्म लावा, मी लावलाय. लहान मुलं असतील तर झाकणाला कुलूप.

चौकटीचं माप घेतलं की इथे टाका, कापायच्या आधी मी एकदा बघून देतो.