जुने झेरॉक्स मशीन, ग्रंथालयाचे नेटवर्क आणि अडलेले स्कॅन

प्रेषक: कार्यवाह, ग्रंथालय, सांगली
विषय: वापरलेले झेरॉक्स मशीन नेटवर्कला जोडण्याबाबत

मंडळाच्या सर्व सभासदांना स. न. वि. वि.

आपल्या मंडळाने अमेरिकेतून मशीन पाठवण्याची तयारी दाखवली होती, परंतु चर्चेअंती ते इथेच घ्यावे असे ठरले. त्याप्रमाणे गेल्या महिन्यात स्थानिक देणगीतून आम्ही एका कार्यालयातून निघालेले वापरलेले मशीन सांगलीतच खरेदी केले. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरची कपाटे आम्ही डोळ्यांदेखत गमावली आहेत. त्यामुळे हे धूड सहा जणांनी जिन्यावरून चढवून पहिल्या मजल्यावरच्या वाचनकक्षात ठेवले. प्रती स्वच्छ निघतात आणि मीटरवरचा आकडाही वाजवी आहे.

अडचण पुढची आहे. आमच्याकडे तीन संगणक आहेत, त्यांपैकी एकावर विंडोज ७ आणि दोहोंवर विंडोज १० आहे. राउटरची केबल मशीनला लावली तर खाचेजवळचा हिरवा दिवा लागतो, पण संगणकाला मशीन दिसत नाही. मेकॅनिकने काहीतरी ‘ऑटो’ केल्यावर दोन दिवस छपाई झाली. वीज जाऊन आली आणि पुन्हा सर्व ठप्प झाले. स्कॅन केलेले पान संगणकाच्या फोल्डरमध्ये तर एकदाही पोहोचलेले नाही. मेकॅनिक म्हणतो की हे इंटरनेटवाल्याचे काम आहे आणि इंटरनेटवाला म्हणतो की हे मशीनवाल्याचे आहे.

आम्हाला घाई आहे ती स्कॅनची. पुरातून वाचलेल्या जुन्या दाखल नोंदवह्यांची (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदींच्या वह्यांची) पाने दिवसेंदिवस ठिसूळ होत चालली आहेत, आणि त्या तुटण्याआधी त्यांची चित्रे घ्यावयाची आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आपला नम्र,
कार्यवाह

———

प्रेषक: एक सभासद, मूळ सातारा, सध्या टेक्सास
विषय: उत्तर: वापरलेले झेरॉक्स मशीन नेटवर्कला जोडण्याबाबत

नमस्कार काका,

स्कॅनचा प्रश्न पाच मिनिटांचा आहे. जुनी मशीने एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून संगणकाच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवण्याच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती बोलतात आणि नवीन विंडोजमध्ये ती बंद असते. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘विंडोज फीचर्स’ उघडावे, एसएमबी १.० समोर खूण करावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. साताऱ्यात राजवाड्याजवळ माझ्या मावसभावाचे झेरॉक्सचे दुकान आहे, तिथे मी फोनवरून हेच करून दिले आणि गेली दोन वर्षे ते विनातक्रार चालू आहे.

———

प्रेषक: खणभागातील एक जुना वाचक, सध्या न्यू जर्सी
विषय: उत्तर: वापरलेले झेरॉक्स मशीन नेटवर्कला जोडण्याबाबत

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपण सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन एकाच कारणाच्या आहेत आणि तिसरी स्वतंत्र आहे, म्हणून मी त्या क्रमानेच लिहितो. पत्र लांबले तर क्षमा असावी.

कार्यालयातून निघालेले मशीन त्या कार्यालयाचा नेटवर्कवरचा पत्ता पोटात घेऊनच येते. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि मशीनमध्ये दहा या आकड्याने सुरू होणारा जुना पत्ता राहिला असेल, तर केबल शाबूत, दिवा हिरवा आणि तरीही एकमेकांची ओळख नाही, असा प्रकार होतो. दिवा एवढेच सांगतो की तार जोडलेली आहे. दोघे एका वाड्यात राहतात की नाही, हे तो सांगत नाही. मेकॅनिकने ‘ऑटो’ केले म्हणजे पत्ता देण्याचे काम राउटरकडे सोपवले. ते चुकीचे नव्हते, पण राउटर वीज गेल्यानंतर दुसरा पत्ता देऊ शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. आपल्याकडे दोन दिवसांनी झाले ते हेच असावे.

यावर उपाय म्हणजे मशीनला कायमचा पत्ता देणे. राउटर आपोआप जे पत्ते वाटतो त्यांची मर्यादा आधी १५० पर्यंत आणावी आणि मशीनला त्या मर्यादेबाहेरचा, समजा १९२.१६८.१.२०० हा पत्ता पॅनेलवरून हाताने भरावा. मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवेच्या रकान्यात राउटरचा पत्ता घालावा. मर्यादा न आणता नुसताच पत्ता भरला तर एखाद्या दिवशी कोणा वाचकाच्या मोबाइलला तोच पत्ता मिळेल आणि मशीन अधूनमधून गायब होऊ लागेल, आणि अधूनमधून होणारा बिघाड शोधणे हे कायमच्या बिघाडापेक्षा फार त्रासाचे असते. हे बदल करताना मशीन व्यवस्थापकाचा पासवर्ड मागेल. तो जुन्या मालकाने ठेवलेला असतो, म्हणून अंदाजाने आकडे दाबत बसू नये. ज्याने मशीन विकले त्याच्याकडून तो काढून घ्यावा.

पत्ता बसला की कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो टाकून पाहावा. मशीनचे स्वतःचे पान उघडले, तर निम्मे काम झाले. त्यानंतर विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेले नाव न निवडता ‘टीसीपी/आयपी पत्त्याने जोडा’ हा मार्ग घ्यावा. आपोआप जोडलेले प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवण्याची खोड मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला मशीनची भाषा शिकवणारा प्रोग्राम, नेमक्या मॉडेलचाच असावा. मशीनला पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा कळत नसताना त्याचा ड्रायव्हर घातला, तर पानामागून पान अगम्य अक्षरे छापून निघतात आणि कागदाचे रीम पाहता पाहता संपते. देवनागरी अक्षरे तुटली किंवा चौकोन आले, तर ड्रायव्हरमध्ये फॉन्ट चित्ररूपाने पाठवण्याचा पर्याय शोधावा.

एक किरकोळ वाटणारी पण हमखास अडवणारी गोष्ट. आमच्याकडून येणारी पत्रके अमेरिकी लेटर मापाची, म्हणजे साडेआठ बाय अकरा इंचांची असतात. आपल्या ट्रेमध्ये ए-४ कागद असतो, त्यामुळे मशीन ‘लेटर कागद घाला’ म्हणून थांबते आणि मागची सर्व छपाई रांगेत अडकते. छापण्यापूर्वी माप ए-४ करावे. खरे तर ही काळजी आम्हीच घ्यायला हवी.

आता स्कॅन. साताऱ्याच्या बंधूंनी सांगितलेले निदान अचूक आहे, उपाय मात्र मी सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या शरद ऋतूतील विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती नव्या संगणकांवर बसवणे बंद केले, ते मशीनवाल्यांना छळण्यासाठी नव्हे. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम याच जुन्या आवृत्तीतील भगदाडातून जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामसुद्धा त्याने बंद पाडले. त्या भगदाडासाठी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, परंतु ज्यांनी ती बसवली नाही ते अडकले. ग्रंथालयात कोणीही पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि एका संगणकावर विंडोज ७ आहे, ज्याला कंपनीकडून मिळणारा आधार (दुरुस्त्या वगैरे) जानेवारी २०२० मध्ये संपला. अशा ठिकाणी सगळे दरवाजे जुन्या कुलुपावर ठेवणे मला पटत नाही. दुकानातल्या संगणकावर गिऱ्हाइकांची कामे असतात, ती पुन्हा करता येतात. आपल्या संगणकावर नोंदवह्या असणार आहेत.

मग तीन रस्ते उरतात. ईमेलने स्कॅन पाठवणे हा सर्वांना पहिला सुचतो, पण जीमेलने ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर जुन्या उपकरणांना प्रवेश देणे बंद केले आहे. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढावा लागतो, आणि मशीन फार जुने असेल तर त्याची सुरक्षित जोडणीची पद्धतच कालबाह्य ठरून तेही फसते. शिवाय हिशोब पाहा: ए-४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केले तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात आणि न दाबलेले ते चित्र सुमारे २६ एमबी भरते. दाबून ते बरेच लहान होते हे खरे, तरी जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि आपल्याला एक पान नव्हे, वह्या पाठवायच्या आहेत.

दुसरा रस्ता पेनड्राइव्हचा. मशीनला खाच असेल तर पहिल्या दिवशी तोच वापरावा, त्यात कमीपणा काही नाही. तिसरा, आणि माझ्या मते आपल्याला योग्य, तो एफटीपीचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवण्याच्या एका जुन्या, साध्या पद्धतीचा. विंडोज १० असलेल्या एका संगणकावर फाइलझिला सर्व्हरसारखा मोफत प्रोग्राम बसवावा, केवळ मशीनसाठी एक वेगळे नाव आणि पासवर्ड द्यावा, त्याला एकाच फोल्डरची मुभा ठेवावी आणि विंडोजच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) या प्रोग्रामला वाट द्यावी. एफटीपीमध्ये पासवर्ड उघडाच जातो, हा त्यातील दोष आहे. म्हणून तो पासवर्ड इतरत्र कुठेही वापरू नये आणि राउटरमधून बाहेरच्या जगाला कोणताही दरवाजा उघडू नये. बाहेरून दिसणाऱ्या प्रिंटरांवर नोव्हेंबर २०१८ मध्ये कोणीतरी एका यूट्यूब वाहिनीची जाहिरात हजारो ठिकाणी छापून काढली होती. तो थट्टेचा भाग होता, पण दरवाजा उघडा होता हे त्यातून दिसले.

विंडोज ७ चा संगणक इंटरनेटपासून तोडावा, त्यावर ग्रंथालयाची सूची चालू राहू द्यावी.

शेवटी, ज्याबद्दल आपण विचारलेले नाही ते. कार्यालयीन मशीनमध्ये बहुधा हार्डडिस्क असते आणि तिच्यात आधीच्या मालकाच्या कागदांची चित्रे राहू शकतात. २०१० मध्ये सीबीएस वाहिनीच्या पत्रकारांनी आमच्या न्यू जर्सीतल्याच एका गोदामातून चार वापरलेली मशीने विकत घेतली, तेव्हा त्यांच्या डिस्कांमधून पोलिसांचे तपासाचे कागद आणि रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी निघाल्या होत्या. तेव्हा पत्ता भरण्याआधीच मशीनमधील पत्तावही, साठवलेले दस्तऐवज आणि डिस्क पुसण्याची सोय असेल तर डिस्क पुसावी. सापडलेले काही उघडून वाचू नये. आणि हे मशीन आपण कधी विकाल, तेव्हाही हेच करावे.

मशीन तेथेच घेण्याचा निर्णय योग्य होता, हेही नमूद करतो. इथली मशीने १२० व्होल्टची असतात. २३० व्होल्टवर त्यांना जड ट्रान्स्फॉर्मर लागला असता, आणि वापरलेली झेरॉक्स मशीने भारतात आणण्यास परवाना लागतो तो वेगळाच.

आपला,
खणभागातील जुना वाचक

———

प्रेषक: कार्यवाह, ग्रंथालय, सांगली
विषय: उत्तर: वापरलेले झेरॉक्स मशीन नेटवर्कला जोडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

काम झाले आहे, म्हणून हा वृत्तान्त.

मशीनमध्ये खरोखरच दहाने सुरू होणारा पत्ता होता. पासवर्डसाठी विक्रेत्याला दोनदा फोन करावा लागला. त्याने येऊन तो काढून दिला आणि ‘डिस्क कोरीच आहे’ असे ठामपणे सांगितले. पत्तावहीत एकतीस नावे निघाली आणि साठवणीच्या कप्प्यांत त्या कार्यालयाची वेतनपत्रके होती. विक्रेता ओशाळला. त्याच्यासमोरच सर्व पुसले. डिस्क पुसण्याच्या क्रियेला अडीच तास लागले आणि तेवढा वेळ वीज टिकली, हे आमचे नशीब.

२०० चा पत्ता दिल्यापासून तीनदा वीज गेली, परंतु छपाई थांबलेली नाही. तो पत्ता जाड अक्षरांत लिहून मशीनच्या पाठीमागे चिकटवला आहे, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला शोधत बसावे लागणार नाही. एफटीपी मात्र पहिल्या दिवशी चालले नाही. जोडणी होई, पण पान पोहोचत नसे. कारण शोधता शोधता लक्षात आले, की फायरवॉलमध्ये आम्ही एकवीस क्रमांकाचे दार (पोर्ट) उघडले होते, पण प्रत्यक्ष पान ज्या दारांतून जाते ती बंदच होती. सर्व्हरमध्ये त्या दारांची मर्यादा ठरवून तेवढीच उघडल्यावर पाने सुरळीत येऊ लागली. ही सूचना साताऱ्याच्या बंधूंनी फोनवरून दिली, हे आवर्जून नोंदवतो. आपल्या मावसभावाकडील जोडणीही ते आता बदलणार आहेत.

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या पत्रकाने मशीन अर्धा दिवस अडवून ठेवले होते. पत्रक लेटर मापाचेच होते.

नोंदवह्यांची पाने वरच्या फीडरमधून न घालता एकेक करून काचेवर ठेवतो आहोत. कडा ओढल्या गेल्या तर पुन्हा जोडता येणार नाहीत. रोज वाचनकक्ष बंद झाल्यावर साधारण चाळीस पाने होतात. पहिली वही पूर्ण झाली असून तिची प्रत मंडळाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहे. सतराव्या पानावरची शाई पुराच्या पाण्याने पसरली आहे आणि ३०० डीपीआयला पुस्तकांची नावे लागत नाहीत. तेवढे एक पान उद्या ६०० ला पुन्हा काढून पाठवतो. खणभागातील जुन्या वाचकांना त्यातली नावे आठवत असतील तर कळवावे.

आपला,
कार्यवाह