हळदीतले मायक्रोआरएनए शोधतेय, हेअरपिनपाशी अडकलेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला हळद घेतलीय (सांगलीत राहून दुसरं काय घेणार!). भात आणि अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेतलं नेहमीचं रोपटं) यांचे मायक्रोआरएनए (जनुकांना आवर घालणारे, साधारण 21 अक्षरांचे छोटे आरएनए) मिरबेस या त्यांच्या डेटाबेसवरून उतरवून हळदीच्या ट्रान्स्क्रिप्टोममध्ये (पेशींतल्या सगळ्या आरएनएंच्या क्रमांत) त्यांचे भाऊबंद शोधतेय.

आधी ब्लास्टने (जुळणारे क्रम शोधणारा प्रोग्राम) काहीच दिलं नाही. नंतर ट्यूब पेटली: वर्ड साइज (सुरुवातीला सलग किती अक्षरं तंतोतंत जुळायला हवीत तो आकडा) 11 होता. 21 अक्षरांत बरोबर मधलं एक जरी बदललं, तरी दोन्हीकडे 10-10च उरतात! 7 केला, तर आता हिट्सचा नुसता पूर.

दोनपर्यंत मिसमॅच चालवून घेतले, मग आरएनएफोल्ड या प्रोग्रामने आरएनएची घडी हेअरपिनसारखी (केसांच्या पिनेसारखी दुमडलेली) पडते का ते तपासलं. एमआयआर156 आणि 166 सापडले, पण त्यात काय मोठंसं, ते बहुतेक सगळ्या वनस्पतींत असतातच. बाकीच्यांचं घोडं अडलंय. वनस्पतींत प्रिकर्सरची (ज्या लांब आरएनएतून मायक्रोआरएनए कापला जातो त्याची) लांबी प्राण्यांसारखी साधारण ठरलेली नसते, मग आजूबाजूचा किती तुकडा घेऊ? 200 अक्षरांचा घेतला की घडीचा एक आकार, 400चा घेतला की भलताच. एमएफईआय (घडी किती स्थिर आहे ते सांगणारा निर्देशांक) 0.85च्या वर, एवढ्यावर तुम्ही विश्वास ठेवता का? की इन्फर्नल या प्रोग्रामने, क्रमासोबत घडीची रचनाही जुळवत शोधू? लॅपटॉप 8 जीबीचाच आहे, तेवढं सांभाळून सांगा.