मदत हवी आहे: एचओ डिझेल इंजिनाच्या मॉडेलचा नंबर बदलायचाय आणि ते 'मळवायचंय', तेही ऐन पावसाळ्यात

घाटउतार (मुलुंड)

मंडळी, रेल्वेवेड्यांचे इथे बरेच धागे आहेत, पण मला हवं ते नेमकं कुठे मिळालं नाही म्हणून नवा काढतोय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, हा उडवला तरी चालेल.

वस्तू अशी: एचओ स्केलचं, म्हणजे १:८७ चं, डब्ल्यूडीएम-३ए या डिझेल इंजिनाचं मॉडेल. प्लास्टिकची बॉडी, विटकरी लाल रंग, मधून क्रीम पट्टा. चालतं छान, आवाजही कमी. पण छापलेला नंबर दुसऱ्याच शेडचा आहे आणि मला हवंय कल्याणचं इंजिन. कारण घरात बसलेत. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, कल्याण डिझेल शेडमध्ये फिटर होते. डब्यातून मॉडेल काढून त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "इतकं स्वच्छ इंजिन शेडबाहेर फक्त साहेबाच्या इन्स्पेक्शनला निघतं." झालं! तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

त्यांनी एक नंबर सांगितलाय, सोळा हजारच्या मालिकेतला, शेवटी 'आर' असलेला. त्याच इंजिनावर त्यांनी बरंच काम केलेलं आहे. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये विद्युतीकरण पुरं झालं, आता कोकणकन्येला काळा धूर सोडणारं अल्को (या जुन्या अमेरिकन घडणीचं डिझेल इंजिन) लागणार नाही. तेव्हा निदान शोकेसमध्ये तरी ते इंजिन जसं होतं तसं असावं, एवढीच इच्छा.

आता अडचणी. पहिली म्हणजे छापलेला नंबर काढायचा कसा? आकडे जेमतेम अडीच मिलिमीटर उंचीचे, त्याखालचा लाल रंग निघाला तर तो परत जुळवणं माझ्या आवाक्यातलं नाही. कोणी नेलपॉलिश रिमूव्हर सांगतं, कोणी पॉलिश पेपर. नवे आकडे पांढरे हवेत आणि घरच्या प्रिंटरवर पांढरं छापता येत नाही, हे उघडच आहे. मुंबईत कोणी डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील फिल्म) छापून देतं का? व्हिनाइल कटिंगवाल्याकडे गेलो होतो. साइज ऐकून तो नुसता हसला.

दुसरी अडचण मळवण्याची, म्हणजे मॉडेल वापरातलं दिसावं म्हणून रंगाने मळकं करण्याची. यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर आहेत, पण सगळे अमेरिकेतले. तिथली धूळ वेगळी, गंज वेगळा. आपलं इंजिन कुठे आणि कसं मळतं ते कोणीतरी सांगा. एअरब्रश आहे, छोटा काँप्रेसरही आहे. काम गॅलरीत करावं लागतं आणि गॅलरीत सध्या वाळत घातलेले कपडेही असतात. त्यामुळे वासाच्या वस्तू शक्यतो नकोत.

तिसरी बारीकसारीक डिटेलिंगची. बफर बीमवर (इंजिनाच्या टोकाच्या आडव्या पट्टीवर) होस पाइप, म्हणजे डब्यांना जोडायच्या हवेच्या नळ्या, नाहीत, कॅबच्या खिडक्यांना जाळी नाही, रेलिंग प्लास्टिकचं आणि जाड आहे. यातलं काय घरी करण्यासारखं आहे?

---

साबुदाणा_वडा (गिरगाव)

नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको! त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिकच खाईल. थिनरचंही तेच.

केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला, जिथे रंग उडून आलेला असतो तिथे, थेंबभर लावून बघा. रंग सुटला तर विषय तिथेच संपवा. नाही सुटला तर कानात घालायच्या काडीचा कापूस जेमतेम ओला करून आकड्यावर ठेवा, पंधरावीस सेकंद थांबा, मग लाकडी टूथपिकचं टोक चावून मऊ करून आकड्याच्या मधून बाहेर घासा. कापूस लाल दिसायला लागला की ताबडतोब थांबायचं. काही मॉडेलांवर छपाईची शाई रंगाच्या आधी निघते, काहींवर दोन्ही एकदम. हे आधी सांगता येत नाही, म्हणून एका बाजूचा शेवटचा आकडा आधी घ्या.

मी बहुतेकदा अल्कोहोलच्या आधी मायक्रो सोल वापरतो. डिकॅल मऊ करायचं जे द्रावण असतं, तेच. आकड्यावर थेंब ठेवून पाचदहा मिनिटं भिजू द्यायचं आणि पेन्सिलच्या खोडरबराने हलकं घासायचं. वेळ लागतो, पण रंग वाचायची शक्यता जास्त. पॉलिश पेपर २००० च्या खालचा नको आणि तोही पाण्यातच. तिथे चकाकी वेगळी दिसेल, पण नंतर वार्निश मारणार आहात ना, त्यात ती झाकली जाते.

डिकॅल मॅट रंगावर कधीच बसवू नका. खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि फिल्मच्या कडेने चंदेरी चकाकी येते. आधी ग्लॉस वार्निश, मग डिकॅल, त्यावर मायक्रो सोल. सोल लावल्यावर फिल्म सुरकुतते, बघून पोटात गोळा येईल, पण हात लावायचा नाही. वाळताना आपोआप ताणली जाते. बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचून परत थेंब. मग पुन्हा ग्लॉस आणि शेवटी मॅट.

---

मी_अनुजा

वाचनखूण साठवली. मला यातलं काही करायचं नाहीये, पण वाचायला भारी वाटतंय.

---

परळचा_भोंगा (लालबाग)

नंबराबद्दल एक सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. 'आर' लावलेलं इंजिन म्हणजे पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात पुन्हा बांधून आलेलं. मूळ डब्ल्यूडीएम-२ २६०० अश्वशक्तीचं, ते ३१०० चं होऊन यायचं, नंबर तोच राहायचा आणि मागे आर लागायचा. त्यामुळे नंबर बदलला म्हणजे काम झालं असं नाही. तुमच्या मॉडेलवर डायनॅमिक ब्रेक आहे का, हेडलाइट एक मोठा आहे की जुळा, छतावर पिवळा फ्लॅशर आहे का, हे सगळं त्या नंबराच्या त्या वर्षातल्या फोटोशी जुळलं पाहिजे. वर्ष आधी ठरवा. एकाच इंजिनाचा २००५ चा चेहरा आणि २०१८ चा चेहरा वेगळा असू शकतो. पीओएचला (ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला) जाऊन आलं की रंगही बदलतो आणि अक्षरांचं वळणही. अक्षरं हाताने रंगवलेली असतात, तेव्हा सरळ कॉम्प्युटरचा फाँट उचललात तर अण्णा लगेच पकडतील. फोटोवरून ट्रेस करा. चारही बाजूंचे फोटो जमवा. देवनागरी कुठे आणि इंग्रजी कुठे, हे गृहीत धरू नका.

होस पाइप घरी सहज होतात. लॅमिंग्टन रोडला बारीक एनॅमल तार मिळते, तिला काळा रंग द्या. पण कॉकचे रंग चुकवू नका: फीड पाइपचा पांढरा, ब्रेक पाइपचा हिरवा. एवढे दोन ठिपके बरोबर पडले की बफर बीम जिवंत होतो. रेलिंगला मात्र तांब्याची तार नको, हात लागला की वाकते. ०.३ मिलिमीटरची पितळी घ्या, किंवा गिटारची सगळ्यात बारीक तार. ती सरळ राहते, फक्त कापताना साधा कटर खराब होतो.

खिडकीच्या जाळीच्या भानगडीत पडू नका. या मापात एकतर ती मच्छरदाणी दिसते, नाहीतर दिसतच नाही.

---

गेज_महत्त्वाचा

मॉडेलच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिमी. ते स्टँडर्ड गेजचं माप झालं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिमी हवा. मुळात तेच चुकलेलं असताना होस पाइपचे रंग बघून काय उपयोग?

---

साबुदाणा_वडा (गिरगाव)

आलेच! धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत सांगतो, शोकेसमध्ये इंजिन बाजूने बघतात, रुळावर झोपून नाही.

---

निळीशाई (ठाणे)

मी विमानांची मॉडेलं करते, इंजिनांतलं कळत नाही. पण पावसाळा आणि वार्निश यावर बोलू शकते.

कॅनमधलं मॅट वार्निश सध्या मारूच नका. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि सगळ्या बॉडीवर दुधाळ पडदा येतो. जुलैत मुंबईची हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. त्याऐवजी पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वार्निश एअरब्रशने, पातळ थरांत. वासही कमी. काँप्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी बाटली) आहे ना? नसेल तर आधी तो घ्या, नाहीतर ऐन वेळी नळीतून पाण्याचा थेंब येऊन बाजूवर बसतो. खोलीत एसी असेल तर तासभर आधी लावून दारं बंद ठेवा. थर वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ धरा. बोट लावून बघायचा मोह आवरा.

मळवायला पेस्टलची पावडर महागडी घ्यायची गरज नाही. स्टेशनरीच्या दुकानातले सॉफ्ट पेस्टल खडू घ्या, ऑइल पेस्टल नकोत, आणि ब्लेडने खरवडा. काळा, करडा, दोन तपकिरी आणि एक विटकरी पुरे. मॅट थरावरच पावडर धरते, ग्लॉसवरून घसरून जाते. आणि पावडरवर वार्निश मारलं की निम्मी नाहीशी होते, म्हणून थोडी जास्त लावा किंवा शोकेसमध्येच ठेवणार असाल तर वरून काहीच मारू नका.

---

घाटउतार (मुलुंड)

सगळ्यांचे आभार. भोंगासाहेब, वर्षाचा मुद्दा अण्णांना विचारला. "२०१० च्या आसपासचं कर," म्हणाले. मग मळ कुठे बसतो ते विचारलं आणि पुढचा तासभर टीव्हीवरची मॅच बघायची राहून गेली. जसं सांगितलं तसं लिहितो, कोणाला उपयोग होईल.

काजळी धुराड्याच्या आसपास छतावर सगळ्यात दाट. अल्कोत ड्रायव्हरने नॉच (वेगाच्या दांड्याची पायरी) वाढवला की डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, वेग घ्यायला वेळ लावतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि काळा लोट निघतो. म्हणून छत काळं, पण बाजू सारख्या काळ्या नसतात. पावसाने काजळी छताच्या कडेवरून खाली ओघळते, तिच्या उभ्या रेघा होतात आणि रेघा दारांच्या फटींशी जाऊन अडकतात. रेडिएटरच्या टोकाला पाण्याचे ओघळ, वाळले की पांढुरके.

डिझेलची टाकी त्यांनी बोट ठेवून दाखवली. भरताना सांडतं ते तोंडाच्या खाली एकाच जागी, तिथे काळपट आणि ओलं दिसतं, त्यावर धूळ चिकटून कड जाड होते. बाकी टाकी नुसती धुळकट. बोगीवर (खालच्या चाकांच्या सांगाड्यावर) ब्रेकब्लॉकची भुकटी, तपकिरी गंजासारखी, पण तो गंज नव्हे, असं दोनदा बजावलं. चाकांच्या पुढे वाळूच्या नळ्यांपाशी फिकट. आणि कोकणातून आलेल्या इंजिनाला खालच्या अंगाला जांभ्याची लाली. ती वर चढत नाही, पायऱ्यांपर्यंतच.

"आणि कॅबच्या दाराचा दांडा चकचकीत ठेव," हे शेवटचं. "दिवसातनं वीस हात लागतात त्याला, तो मळेल कसा?"

यूट्यूबवाले सगळीकडे सारखा तपकिरी फवारा मारतात, त्याचं आता हसू येतंय.

---

परळचा_भोंगा (लालबाग)

अण्णांना साष्टांग. डिझेल सांडल्याच्या जागेला सगळं मॅट झाल्यावर ब्रशने नुसतं ग्लॉस वार्निश लावा, खाली काळपट तपकिरी. ओलं दिसतं. उभ्या रेघांना पातळ काळा अ‍ॅक्रिलिक, अगदी बारीक ब्रश, आणि रंग ओला असतानाच पाण्याने किंचित भिजलेला सपाट ब्रश वरून खाली ओढायचा. आडवा हात फिरला की पुसल्यासारखं दिसतं.

बोगी रंगवताना चाकांना वीज देऊन हळू फिरवत ठेवा, म्हणजे एकाच बाजूला रंग बसत नाही. रुळाला टेकणारा भाग मात्र लगेच अल्कोहोलने पुसा, नाहीतर इंजिन गचके खात चालेल.

---

जुना_पुस्तकवाला

मूळ स्थितीतलं मॉडेल विकताना जास्त किंमत देतं. एकदा मळवलं की गिऱ्हाईक निम्मं होतं. विचार करा.

---

घाटउतार (मुलुंड)

विकायचं नाहीये हो. विकायला काढलं तर अण्णा मलाच घराबाहेर काढतील.

डिकॅलचं तेवढं राहिलंय. यूव्ही डीटीएफचा (फिल्मवर छापलेल्या स्टिकरचा) नमुना बघितला, जाड आहे, आकडा चिकटवल्यासारखा वर येतो. पांढऱ्या कागदावर लाल पार्श्वभूमी छापून आकडे कोरे ठेवायचे, हाही मार्ग सुचवला गेला, पण लाल जुळणार नाही.

---

साबुदाणा_वडा (गिरगाव)

लाल नका जुळवू. पांढरा टोनर असलेल्या लेझर प्रिंटरवर पारदर्शक वॉटरस्लाइड कागद, हाच खरा उपाय. लग्नपत्रिका आणि पॅकिंगची कामं करणाऱ्यांकडे असे प्रिंटर असतात. कागद तुम्ही न्या आणि तो लेझरचाच घ्या, इंकजेटचा नाही. इंकजेटचा आत गेला तर यंत्राच्या गरम रोलरला चिकटेल आणि प्रिंटरवाला परत दारात उभं करणार नाही. फाइल व्हेक्टरमध्ये (ठिपक्यांऐवजी रेषांनी काढलेली) द्या, नाहीतर अडीच मिमीला आकड्यांच्या कडा फाटतात. एकच नंबर पाच वेळा छापून घ्या. दोन तरी बसवताना फाटणारच.

---

घाटउतार (मुलुंड)

प्रिंटरवाला सापडला, दादरला. पत्रिकाच छापतो. ए४ पेक्षा कमी घेत नाही म्हणाला आणि माझे आकडे जेमतेम कोपऱ्यात मावतात. फोटोवरून अक्षरं ट्रेस करतोय, देवनागरी ६ चं वळण काही जमत नाहीये, ते अण्णांकडून कागदावर काढून घेणार आहे.

शीटवर जागा रिकामी आहे. कल्याण, पुणे कुठल्याही शेडचे आपापले नंबर कोणाला घालायचे असतील तर व्हेक्टर फाइल व्यक्तिगत निरोपातून पाठवा. उंची मिलिमीटरमध्ये लिहा आणि पांढरा सोडून दुसरा रंग नको.