शब्दचर्चा : 'थरार', 'उत्कंठा', 'संकेत' आणि विद्यार्थ्यांच्या थरारपटाची पहिली दोन मिनिटं

रेघोट्या :
विद्यार्थ्यांनी केलेल्या थरारपटांच्या सुरुवाती तपासायचं काम माझ्याकडे असतं. अख्खा चित्रपट नाही, श्रेयनामावलीसकट फक्त पहिली दोन मिनिटं. केंब्रिजच्या माध्यम अभ्यासक्रमात असा प्रकल्प आहे, इतरत्रही थोड्याफार फरकाने करून घेतात. गुणांबरोबर शेराही द्यावा लागतो आणि तो मी मराठीत लिहिते. अडचण अशी, की प्रत्येक शेऱ्यात 'थरार' येतो. 'थरार छान साधलाय', 'थरार कमी पडला'. मुलं विचारतात, म्हणजे नेमकं काय बदलू? थरार, उत्कंठा, रहस्य, ताण यांतला कुठला शब्द कुठे वापरावा? 'मूल्यमापन' बरोबर की 'परीक्षण'? आणि एखाद्या चित्रप्रकारात रूढ झालेल्या रीतीला, म्हणजे 'कन्व्हेन्शन'ला, 'संकेत' चालेल का?

अक्षरओळख :
थरार हा मुळात अंगाला होणारा प्रकार आहे. थरथर, थरकाप, थरारणे हे सगळे एकाच घराण्यातले शब्द. काटा येतो, हात कापतो, श्वास अडकतो, तो थरार. तो क्षणाचा असतो आणि काहीतरी घडल्यावर येतो. 'थरारपट' हे नाव सबंध चित्रपटाला शोभतं, पण पहिल्या दोन मिनिटांकडून थरार मागणं म्हणजे पेरणीच्या दिवशी कणसं मागणं. तिथे हवी असते ती उत्कंठा.

उत्कंठा म्हणजे उत् अधिक कंठ, मान उंचावून वाट पाहणं. संस्कृतात त्यात ओढ आणि हुरहूर जास्त आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात कण्वांचं मन उत्कंठेने भरून येतं ते शकुंतला सासरी निघाली म्हणून. 'आता पुढे काय' हा अर्थ तिथे नाही. मराठीत शब्द त्या दिशेला सरकला, तरी उंचावलेली मान कायम राहिली. आणि मान उंचावायची तर कुठे बघायचं हे प्रेक्षकाला आधी कळलेलं असावं लागतं.

थरारपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या दीर्घ मुलाखतीत हाच भेद उलगडला होता. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला आधी न सांगता फुटला तर पंधरा सेकंदांचं आश्चर्य मिळतं. बॉम्ब आहे आणि तो कधी फुटणार, हे आधी सांगितलं तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. आपल्याकडे पहिल्यासाठी 'धक्का' आहे आणि दुसऱ्यासाठी 'उत्कंठा'. वाईट होणार याची खात्री असेल तर 'धास्ती'. काहीच माहीत नसताना जी ओढ लागते ते 'कुतूहल'.

'रहस्य' याहून वेगळं. 'रहस्' म्हणजे एकांत, त्यातून दडवलेली गोष्ट. रहस्यात पात्राला ठाऊक असतं आणि प्रेक्षकाला नसतं. बॉम्बच्या उदाहरणातल्या उत्कंठेत नेमकं उलट. शेरा लिहिण्याआधी एवढा एकच प्रश्न विचारावा : या क्षणी कोणाला जास्त माहीत आहे? योग्य शब्द आपोआप सापडतो.

कातरकाम :
संकलन करतो, म्हणून 'ताण' या शब्दाची बाजू मांडतो. उत्कंठा प्रेक्षकाच्या मनात असते, ताण पडद्यावर असतो. शॉट किती लांब धरला, चौकटीत पात्रामागे किती जागा मोकळी सोडली, आवाज कुठे चढला आणि कुठे बंद केला, हे सगळं बोट ठेवून दाखवता येतं. म्हणून शेऱ्यात 'ताण' आला की मुलाला काय बदलायचं ते कळतं.

समजा फिल्म अशी आहे. मुलगी दाराशी येते, कुलपात किल्ली घालते, फिरवते. किल्ली अडत नाही, कारण कुलूप उघडंच आहे. तिचा हात अर्धा सेकंद थांबतो. लगेच कट, आत टोपी पुढे ओढलेला माणूस, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि चित्रपटाचं नाव. यावर 'थरार चांगला' लिहिलं तर त्या अर्ध्या सेकंदावर अन्याय होतो. त्या दोन मिनिटांतली सगळ्यात मोलाची गोष्ट तो थांबलेला हात आहे! मी असं लिहीन : 'उघड्या कुलपाशी धास्ती सुरू झाली, पण माणूस लगेच दाखवल्याने तिचं धक्क्यात रूपांतर झालं. हाताचा शॉट लांबवा. माणूस दाखवू नका, तो घरात आहे एवढंच कळू द्या.'

आणखी एक. पार्श्वसंगीताचा घुमणारा सूर पहिल्या फ्रेमपासून चालू असेल तर ताण वाढायला जागाच उरत नाही. ती गुणगुण आधी काढून टाकायला सांगा. खोलीचा स्वतःचा आवाज ऐकू येऊ द्या, पंख्याचा, घड्याळाचा. मग किल्लीचा आवाज कानात शिरेल.

रेघोट्या :
हे फार उपयोगी आहे. पण निम्म्या फिल्म्समध्ये कॅमेरा हातात धरून मुद्दाम हलवलेला असतो. विचारलं तर 'थरारासाठी' म्हणतात. त्याला काय म्हणू?

कातरकाम :
कॅमेरा थरथरला म्हणून प्रेक्षक थरारत नाही. धावणाऱ्या पात्राबरोबर कॅमेरा धावला तर हलणं त्या पात्राचं होतं. पात्र खुर्चीत शांत बसलेलं असताना चौकट हलते तेव्हा ते हलणं कोणाचं? कोणीतरी चोरून बघतंय असं सुचवायचं असेल तर उत्तम, फक्त ते पुढच्या शॉटमध्ये कळलं पाहिजे. नसेल तर साधं 'अस्थिर छायांकन' लिहा. तो दोषच आहे.

पाटीपेन्सिल :
'मूल्यमापन' आणि 'परीक्षण' याबद्दल थोडक्यात. परीक्षण म्हटलं की वाचकाला वर्तमानपत्रातलं चित्रपट परीक्षण आठवतं, त्यात लिहिणाऱ्याची आवड चालते. मूल्यमापन ठरलेल्या निकषांवर होतं, म्हणून तुमच्या कामाला तेच नाव योग्य. रसग्रहणात गुण शोधले जातात, तिथे दोष दाखवायला अडचण होते. मात्र मुलं स्वतःच्या फिल्मबद्दल जे लिहितात त्याला कृपा करून 'आत्मपरीक्षण' म्हणू नका. त्या शब्दाला आपण कुठे चुकलो याची छटा आहे, आणि मुलं तसंच लिहितात : वेळ कमी पडला, उजेड नव्हता, मित्र आला नाही. 'स्वमूल्यमापन' म्हणा आणि निर्णय विचारा. हा शॉट इथे का? हा कट आधी का नाही? या पात्राच्या वाट्याला अंधार का?

अक्षरओळख :
'संकेत' चालेल, चालायलाच हवा. वाङ्मयीन संकेत, कविसंकेत, नाट्यसंकेत असे प्रयोग मराठी समीक्षेत रुळलेले आहेत. पण या शब्दाचे आणखी दोन अर्थ जिवंत आहेत : इशारा आणि ठरवून केलेली भेट. थरारपटाबद्दल 'संकेत चांगले वापरले' लिहिलं तर विद्यार्थी समजतो की पुढे घडणाऱ्या गोष्टीच्या खुणा चांगल्या पेरल्या. म्हणून 'कन्व्हेन्शन' या अर्थी 'रूढ संकेत' असं जोडून लिहावं, आणि खुणांसाठी 'सूचन' वापरावं. टोपी ओढलेला अनोळखी माणूस, खुर्चीला बांधलेली व्यक्ती, अनोळखी नंबरवरून फोन, झाडीतला पाठलाग हे रूढ संकेत. उघडं कुलूप हे सूचन.

रूढ संकेत पाळला, वाकवला की मोडला, हे तीन वेगळे शेरे आहेत. मोडला की आपोआप जास्त गुण, असं होऊ नये. नीट पाळलेला संकेत अर्धवट मोडलेल्यापेक्षा बरा, कारण त्या दोन मिनिटांत हा थरारपट आहे हे प्रेक्षकाला कळणं गरजेचं असतं.

रेघोट्या :
शेवटचं. नावं पडद्यावर येतात त्या भागाला कोणी 'नांदी' म्हणतं. पटतं का?

अक्षरओळख :
मला नाही पटत. नांदी हे नाटकापूर्वीचं मंगलाचरण, कथानक तिच्यानंतर सुरू होतं. इथे नावं चालू असताना कथा सुरू झालेली असते. संस्कृत नाट्यशास्त्रातून शब्द घ्यायचाच तर 'बीज' घ्या. कथानक घडवणाऱ्या पाच घटकांना तिथे अर्थप्रकृती म्हणतात, त्यांतली ती पहिली, सुरुवातीला थोडक्यात सुचवलेली आणि पुढे विस्तारणारी गोष्ट. 'दोन मिनिटांत कथेचं बीज दिसतं का' हा निकष म्हणूनही चांगला आहे.

कातरकाम :
नावांबद्दल एक नमुना मुलांना जरूर दाखवा. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल'ची (१९५८) सुरुवात. गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि पुढची तीन मिनिटं कॅमेरा न तोडता सगळं टिपत जातो. स्टुडिओने त्याच शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मँसिनीचं संगीत चढवलं. वेल्सने लिहून ठेवलेल्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये पुन्हा संकलन झालं, तेव्हा नावं तिथून काढली आणि संगीताऐवजी रस्त्यावरचे आवाज ठेवले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ दाखवल्या, की नावं नजर कशी अडवतात ते मुलांना लगेच दिसतं. वरच्या कुलपाच्या फिल्ममध्ये किल्ली फिरते नेमकं तेव्हाच दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर आलं, तर उघडं कुलूप कोणाला दिसणार?

आणि गुणपत्रिकेत 'टायटल' हा शब्द एकटा ठेवू नका. काहींच्या मनात तो चित्रपटाचं नाव असतो, काहींच्या मनात सगळी नामावली. 'शीर्षक' आणि 'श्रेयनामावली' असे दोन रकाने करा. शीर्षक कुठल्या क्षणी येतं ते पहिल्यात तपासा, नावांनी दृश्यातलं काय झाकलं ते दुसऱ्यात.