वजन सारखंच, मग चरबी जळण्यात फरक का? पोट सुटलेल्या पुरुषांचा पुळणीवरचा व्यायाम

भाट्ये_पुळण:
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत भाट्याच्या पुळणीवर पहाटे चालणारा आमचा एक गट आहे. ३५ ते ५० वयाचे पुरुष, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) २५ ते २९, हातपाय बारीक आणि पोट पुढे. त्यातले काहीजण आखातात नाहीतर बोटीवर नोकरी करतात. त्यांचा प्रश्न असा की गोऱ्या सहकाऱ्यांचं वजन आमच्याइतकंच, चालणंही तेवढंच, तरी शुगर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आमचेच का वाढतात?
१. आपल्या लोकांच्या अंगातली चरबी खरंच कमी जळते का?
२. ट्रेडमिलवर 'फॅट बर्न' असा पट्टा असतो, त्यात राहून चाललं तर पोट उतरतं का?
३. आठवड्याला नेमकं किती आणि कसं चालावं? पुळण चांगली की रस्ता?

पेशी_आणि_प्राणवायू:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, पण कारण लोकांना वाटतं तिथे नाही.

ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २० दक्षिण आशियाई आणि २० युरोपीय वंशाचे पुरुष घेतले, वय आणि बीएमआय जुळवून. दक्षिण आशियाई गटाचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर मिनिटाला किलोमागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरतं तो आकडा, सरासरी ४०.६ होता आणि युरोपीय गटाचा ५२.४. आपापल्या कमाल क्षमतेच्या ५५ टक्क्यांवर व्यायाम करताना दक्षिण आशियाई पुरुषांची चरबी सुमारे ४० टक्के कमी जळत होती. आता महत्त्वाचं: स्नायूंचे नमुने तपासले, तेव्हा चरबी जाळण्याशी संबंधित जनुकं त्यांच्यात मंद आढळली नाहीत. त्यामुळे 'आपले स्नायूच तसले' म्हणून हात झटकता येत नाहीत. मध्यमवयीन पुरुषांवरच्या पुढच्या कामातही इन्सुलिनला दाद न देण्याच्या फरकातला मोठा वाटा कमी दमसासाकडेच गेला. दमसास वाढवता येतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या घडणीची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र यडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे स्नायू कमी असतात, मांड्या-नितंबांच्या कातडीखाली चरबी साठवायची जागा लवकर भरते आणि उरलेली पोटात नि यकृतात जाते. 'आशियाई' हा शब्दही फार ढोबळ आहे. सिंगापूरमध्ये चिनी, मलय आणि भारतीय यांची मापं घेतली, तेव्हा सारख्या बीएमआयला भारतीयांच्या अंगात चरबी सर्वात जास्त निघाली. म्हणून बोटीवरच्या चिनी सहकाऱ्याशीही थेट तुलना करू नका. भारतीयांसाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तुमचा गट २५ ते २९ मध्ये आहे, म्हणजे 'जरा अंगाने भरलेला' म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

कंबर मात्र नीट मोजा. पँटचा नंबर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर. पुरुषांची मर्यादा ९० सेंमी.

'फॅट बर्न' पट्ट्याबद्दल: वजन जास्त आणि सराव कमी असलेल्या पुरुषाची चरबी मध्यम चालीत मिनिटाला साधारण ०.३ ग्रॅम जळते असं धरा. ४५ मिनिटांत साडेतेरा ग्रॅम, म्हणजे एक टेबलस्पून खोबरेल. चालून आल्यावर दोन वडे खाल्ले की हिशेब फिटला. व्यायामाच्या वेळी जळालं ते तेल की साखर याने पोट ठरत नाही. दिवसभराचं खाणं आणि खर्च याने ठरतं.

पाखाडी_चढ:
वरच्या उत्तराला सरावाची जोड देतो.

दोन माणसं ताशी ६ किमी वेगाने सपाटीवर चालतायत. दोघांनाही किलोमागे साधारण १३.५ मिली प्राणवायू लागतो. एकाचा व्हीओटू मॅक्स ४२, तो आपल्या क्षमतेच्या ३२ टक्क्यांवर आरामात आहे. दुसऱ्याचा २८, तो ४८ टक्क्यांवर. आता त्याच वेगाने ५ टक्के चढ घ्या. गरज २२.५ वर जाते. पहिला ५४ टक्क्यांवर, गप्पा मारत चरबी जाळतोय. दुसरा ८० टक्क्यांवर, धापा टाकत जवळजवळ सगळं साखरेवर चालवतोय आणि पाचव्या मिनिटाला थांबतो. रस्ता तोच, वेग तोच, इंधन वेगळं. म्हणून सगळ्या गटाला एकाच वेगाने नेऊ नका, मागचे रोज दमतील आणि पुढच्यांना काहीच घडणार नाही.

आधी प्रत्येकाची चाचणी घ्या. शाळेच्या ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या आणि वर ९ मीटर, जमेल तितकं झपझप, पण न धावता. संपताक्षणी नाडी मोजा: १५ सेकंदांचे ठोके गुणिले ४. मग पुरुषांसाठी:
१३९.१७ − (०.१७ × किलो वजन) − (०.३९ × वय) − (३.२६ × मिनिटं) − (०.१६ × नाडी).
४२ वर्षं, ७८ किलो, १६ मिनिटं, नाडी १४० असेल तर साधारण ३५ येतात. आकडा ढोबळच आहे. त्याचा खरा उपयोग आठ आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा मोजून तुलना करण्यासाठी. ही चाचणी वाळूवर घेतली तर सूत्र चुकतं.

किती? जागतिक शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाची. गोऱ्या लोकांना तेवढ्यात जो फायदा मिळतो, तो मिळवायला दक्षिण आशियाई माणसाला सुमारे २३० मिनिटं लागतात, असा एक अंदाज आहे. मी तोच धरून आखणी करतो: तीन दिवस ५० मिनिटं मध्यम (पूर्ण वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही), दोन दिवस ४० मिनिटं जोराचं. जोराचं म्हणजे १० मिनिटं अंग गरम करणं, मग ४ मिनिटं चढ असं चार वेळा, दोन चढांच्या मधे ३ मिनिटं सावकाश, शेवटी ५ मिनिटं हळू. चढावर तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येता कामा नये. पाखाडी (जांभ्याच्या पायऱ्यांची वाट) लहान असते, ४ मिनिटं पुरत नाही, त्यामुळे चढाचा डांबरी रस्ता बरा. पहिले चार आठवडे हे जोराचे दिवस नकोतच, तेव्हा पाचही दिवस मध्यम.

शिवाय आठवड्यातून दोनदा पायांना ताकद: खुर्चीवरून उठबस, वीस सेंमी पायरीवर चढ-उतर, भिंतीला टेकून जोर. प्रत्येकी ३ फेऱ्या, ८ ते १२ वेळा. बारा वेळा सहज झालं की पाठीवर पिशवीत ५ किलो तांदूळ घ्या. हा भाग लोक हमखास टाळतात, आणि बारीक मांड्यांच्या माणसाला याचीच गरज सर्वात जास्त.

पुळणीबद्दल: सुक्या भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. ऐकायला छान, पण कमी दमाचा माणूस त्यात लगेच धापेवर जातो आणि पोटऱ्या, टाचेची शीर धरते. ओली, दबलेली वाळू घ्या. पुळण समुद्राकडे उतरती असते, म्हणून जितकं दक्षिणेकडे तितकंच उत्तरेकडे चाला, नाहीतर एकाच बाजूचा गुडघा आणि खुबा दुखतो.

भाट्ये_पुळण:
फार उपयोगी, आभार. दोन शंका. ओली वाळू रोज सहा वाजता कुठे मिळते? आणि उपाशीपोटी चालावं का?

पाखाडी_चढ:
तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे सप्तमी ते नवमी पहाटे पाणी वर असतं, ते दिवस रस्त्याला किंवा चढाला द्या. पौर्णिमा-अमावास्येपासून द्वितीयेपर्यंत पहाटे ओहोटी, तेव्हा लांब चालण्याचे दिवस लावा. पावसाळ्यात पाखाडीच्या जांभ्यावर शेवाळ धरतं, तिथे जाऊ नका. घरच्या पायरीवर तेच चढ-उतर चालतं.

कुळथाची_पिठी:
उपाशीपोटी चाललं तर त्या तासात चरबी जास्त जळते, कारण इन्सुलिन खाली असतं. पण चोवीस तासांच्या हिशेबात वजनावर खास फरक पडत नाही. बिनसाखरेचा चहा घेऊन निघा. जोराच्या दिवशी अर्धं केळं चालेल.

ताटाकडे बघा. ७८ किलोच्या माणसाला दिवसाला ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. दोन मध्यम बांगड्यांच्या खाण्याजोग्या दीडशे ग्रॅममधून २८ ते ३० मिळतात, ४० ग्रॅम कुळथातून ९. पण बांगडा रवा लावून तेलात सोडू नका, तिरफळं घालून तिखलं करा. शिजलेला भात एका वेळी १५० ग्रॅम. ओलं खोबरं मोजून घ्या: ८० ग्रॅम किसात २८० कॅलरी असतात आणि वाटपात ते दिसतही नाहीत. रात्री जेवल्यावर अंगणात १०-१५ मिनिटं फेऱ्या मारा, जेवणानंतरची शुगर उतरायला याचा चांगला उपयोग होतो.

दवाखाना_आणि_दम:
सुरुवातीआधी प्रत्येकाचं बीपी, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि उपाशीपोटी लिपिड (रक्तातल्या चरबीचे आकडे) तपासा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. चालताना छाती दाबल्यासारखी होणं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, चक्कर यांपैकी काही होत असेल तर आधी हृदयाची तपासणी, चढ नंतर.

शुगर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये, साखर खिशात ठेवावी आणि डोसबद्दल डॉक्टरांशी बोलावं. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी चालू असेल तर नाडी पुरेशी वाढत नाही, म्हणून नाडीचं सूत्र आणि घड्याळावरचे पट्टे त्यांना लागू नाहीत. त्यांनी बोलण्याच्या कसोटीवरच चालावं. मधुमेहात पायाला बधिरपणा असेल तर पुळणीवर अनवाणी नको. शिंपल्याची चीर कळत नाही आणि चिघळते.

एप्रिल-मेमध्ये दमटपणामुळे घाम वाळत नाही, त्याच वेगाला नाडी बरीच वर जाते. तेव्हा वेग कमी करा, मिनिटं तीच ठेवा. चालण्याआधी आणि नंतर वजन करा: एक किलो उतरलं तर ते एक लिटर पाणी आहे, चरबी नव्हे, आणि ते पुढच्या काही तासांत प्यायचं आहे.