गल्ली अरुंद करण्याआधी फरशी बघा

भिवंडीवाला: काल इथे एकाने लिहिलं, 'गोदामात रॅकच्या दोन रांगांमध्ये साध्या फोर्कलिफ्टला साडेतीन-चार मीटर गल्ली लागते, व्हीएनएला, म्हणजे अरुंद गल्लीसाठीच्या फोर्कलिफ्टला, पावणेदोन पुरते. रिकाम्या गल्लीचं भाडं भरणारे अडाणी.' डोकंच फिरलं. आमचं गोदाम भाड्याचं, फरशी मालकाची. जॉइंटच्या कडा अशा तुटल्यात की त्यात रुपयाचं नाणं उभं राहतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरा. एक चाक नुसतं तीन मिलिमीटर खाली गेलं, तर नऊ मीटर उंचीवर मास्ट, म्हणजे माल वर नेणारा उभा खांब, अठरा मिलिमीटर कलतो. वर मास्टचा स्वतःचा झोल वेगळाच. डेमोला आणलेल्या मशीनने पहिल्याच दिवशी रॅकच्या आडव्या बीमचा केशरी रंग खरवडला. हे कोण सांगणार?

चाकणकर: म्हणजे दोष फरशीचा, मशीनचा नाही. आम्ही आधी लेव्हल घेऊन फरशी घासून घेतली, खाच मारून मशीनला सरळ रेषेत ठेवणारी गाइड वायर टाकली. गल्लीत शिरलं की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. चार वर्षांत एक रॅक वाकलेला नाही.

भिवंडीवाला: तुमची जागा स्वतःची. आमचा करार तीन वर्षांचा, मालक खाच मारू देईल का? शिवाय ती मशीन ट्रक खाली करायला चालत नाही, माल उतरवायच्या धक्क्यावर दुसरी लागतेच. तो खर्च कुणीच धरत नाही.

चाकणकर: मग आर्टिक्युलेटेड फोर्कलिफ्ट घ्या. पुढचं तोंड वळतं, दोन मीटरच्या आसपास भागतं, ट्रकपासून रॅकपर्यंत एकच मशीन.

जुना सुपरवायझर: फरशी फरशी काय करताय? चावी कोणाकडे असते ते बोला. आमच्याकडे रात्रपाळीत ऑपरेटर जेवायला गेला, चावी मशीनलाच. हेल्परने मास्ट वर ठेवूनच वळवली. पोरगा वाचला, पण पाय कायमचा गेला. ऑपरेटर लोकांना जबाबदारी नकोच असते.

ऑपरेटर: तोंड सांभाळून बोला. बारा तासांची पाळी, बदली माणूस नाही, जेवायला वीस मिनिटं. तेवढ्यात 'गाडी लागली, माल काढ' म्हणून त्या पोराला कोणी ओरडलं असेल? मी केबिनसकट आठ मीटर वर जातो. खाली मशीन जरा हलली की वर पोटात गोळा येतो. पडू नये म्हणून अंगाला बांधायचा हार्नेस मागितला तर दोन महिने 'ऑर्डर दिलीय'.

जुना सुपरवायझर: ओरडलो मीच होतो. झालं समाधान?

चाकणकर: मूळ मुद्दा गल्लीचा होता.

ऑपरेटर: गल्लीत आम्हीच असतो, साहेब. पावणेदोन मीटरच्या गल्लीत मशीन असताना पायी माणूस आला तर त्याला बाजूला व्हायला जागाच नसते. तुमच्याकडे तोंडाशी साखळी आहे का?

चाकणकर: ...एका बाजूला आहे. दुसरीकडे जमिनीवर रंगाचा पट्टा मारलाय.

भिवंडीवाला: वायर आणि सपाट फरशी असेल तर तुमचं बरोबर, एवढं मान्य. आमच्याकडे मी रीच ट्रकच, म्हणजे फाटे पुढे सरकवून माल घेणारी मशीन, घेतोय, गल्ली तीन मीटर.

ऑपरेटर: पट्टा पायाखाली दिसत नाही. उद्याच साखळी लावा.