नागपूरची संस्कृती ‘बाहेरच्यांनी बिघडवली’ हे भूगोलात बसत नाही

महालची भूगोलवाली (धागा सुरू करणारी):
आमच्या वस्तीच्या गटावर सध्या एकच तक्रार चालली आहे. लग्नात मेहंदी-संगीत घुसलं, नवरात्रात गरबा आला, चौकाचौकात मोमोच्या गाड्या लागल्या, बाहेरच्यांनी नागपूरची संस्कृती बिघडवली. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, म्हणून हे नुसतं वाचून गप्प बसणं जमत नाही.

मानवी भूगोलात संस्कृती म्हणजे माणसं एकमेकांकडून शिकतात आणि पुढच्या पिढीला देतात ते सगळं: अन्न, घरं, अवजारं, श्रद्धा, नातीगोती, बोली. ती रक्तातून येत नाही, शिकावी लागते. शिकलेली गोष्ट माणसाबरोबर प्रवास करते आणि नव्या गावात वेगळं रूप घेते. यालाच आपण सांस्कृतिक प्रसार म्हणतो.

आता आपलं शहर बघा. छिंदवाड्याजवळच्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास बारा वाड्या जोडून ते वसवलं आणि बाहेरून शेतकरी, कारागीर आणले. मग भोसल्यांबरोबर मराठे आले. 1867 ला रेल्वे आली, 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. 1956 पर्यंत तर आपण मध्य प्रदेशाची राजधानी होतो. यातलं आतलं कोण आणि बाहेरचं कोण? इथे सगळेच कधी ना कधी बाहेरून आले. गरबाही त्याच वाटेने आला.

धंतोलीकर:
ताई, इतिहास बरोबर आहे, निष्कर्ष नाही. मिल कामगार आले ते इथे राहिले. त्यांच्या चालीरीती शेजाऱ्यांत मिसळायला दोन-तीन पिढ्या गेल्या, देवाणघेवाण झाली. मेहंदी-संगीत कोणी स्थलांतर करून आणलं? कोणीच नाही. ते पडद्यावरून आलं. आधी मुंबई-दिल्लीच्या श्रीमंत लग्नांत, मग नागपुरात, मग भंडारा-गोंदियात, आणि आता खेड्यातही तेच. पुस्तकात याला श्रेणीबद्ध प्रसार म्हणतात, मोठ्या शहरातून लहान शहरात उतरणारा. पण त्यात देवाणघेवाण कुठे आहे? भंडाऱ्याच्या लग्नातलं काही मुंबईला जातं का? पूर्वी हळदीला बायका आपल्या गावाची गाणी म्हणायच्या, प्रत्येक गावाची वेगळी. आता सगळीकडे एकच डीजे. त्या गाण्यांचं जाणं हे नुकसानच आहे. ‘प्रसार’ म्हटल्याने ते भरून निघत नाही.

इतवारीचा भाऊ:
ताई, दादा, मी मारबतीच्या रस्त्यावर लहानाचा मोठा झालो. तुम्ही सारे पुस्तकातलं बोलून राहिले, जरा रस्त्यावरचं ऐका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, म्हणजे रोगराई-संकट घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी जुनीच आहे. पण बडग्या, म्हणजे तिच्यासोबतचा पुरुषाचा पुतळा, दरवर्षी नवा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांचा राग ज्याच्यावर असंल त्याचा. नवं येऊन राहिलं म्हणून मारबत मेली नाही. उलट नवं घेते म्हणूनच पोट्टे येतात.

डीजेचं मात्र दादांचं मला पटते. मशीन पहिले येते, तिला कसं वापरायचं याची रीत मागून येते. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालचा आहे, पण लोकांच्या अंगवळणी अजून नाही पडला.

मुक्काम गोंडवाना:
‘सगळेच बाहेरून आले’ या वाक्यावर माझा आक्षेप आहे, मॅडम. शहर गोंड राजाने वसवलं हे तुम्हीच लिहिता आणि पुढच्या ओळीत गोंडांनाही येणाऱ्यांच्या रांगेत उभं करता. देवगड आणि हा सगळा जंगल-नदीचा पट्टा एकाच राज्याचा होता. राजा आपल्याच मुलखात शहर वसवत होता.

2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून जास्त होते. बोडो बोलणारे त्याच्या निम्मे, तरी बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, आहे आणि गोंडी नाही. गोंडीचा मुलूख अनेक राज्यांत वाटला गेला, म्हणून कुठल्याच राज्याला ती आपली वाटली नाही. आमच्या मुलांनी शहरात येऊन भाषा सोडली ती मराठी-हिंदी जास्त आवडली म्हणून नाही. शाळेत, कचेरीत, कामावर गोंडी चालत नव्हती. सात्मीकरण, म्हणजे आपली भाषा-रीत सोडून दुसऱ्या समाजात मिसळून जाणं, हा शब्द तुमच्या पुस्तकात असेल. ते घडतं तेव्हा एकाच बाजूला सोडावं लागतं. प्रसाराच्या नकाशावर बाण काढताना त्या बाणाखाली काय गेलं तेही दाखवा.

इंदोऱ्याची लेक:
इतकी चर्चा झाली आणि नागपुरातल्या सर्वांत मोठ्या सांस्कृतिक बदलाचं कोणी नावही घेतलं नाही. 14 ऑक्टोबर 1956, बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस.

1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध काही हजारच होते. 1961 ला 27 लाखांहून जास्त. हागरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलतज्ज्ञाने 1953 मध्ये मांडलं की नवी गोष्ट माणसामाणसाच्या संपर्कातून लाटेसारखी पसरते, आधी जवळ, मग दूर. दीक्षेचा नकाशा त्यात अर्धाच बसेल. गावं लांब असली तरी बदल पोचला, आणि शेजारची गल्ली मात्र जशीच्या तशी राहिली. कारण हा बदल कोणाचं पाहून लागलेली सवय नव्हता. लोकांनी उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, घरातले देव उतरवले, लग्नाचे विधी बदलले, आणि त्याची किंमत गावोगावी मोजली.

धंतोलीकर काका, जुनं गेलं की नुकसानच होतं असं नाही. माझ्या पणजीला ज्या रीतीने पाणवठ्यापासून लांब ठेवलं, ती गेल्याचं आमच्या घरात कोणाला दुःख नाही. आणि मॅडम, संस्कृती आपोआप वाहत येते असं शिकवू नका. कार्ल सॉअर या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने 1925 मध्ये सांस्कृतिक भूदृश्याची कल्पना मांडली: संस्कृती जमिनीवर काम करते आणि भूदृश्य घडतं. ते बघायला उत्तर नागपुरात फिरा. वस्तीवस्तीत विहार दिसतील, बहुतेक लोकांनी आपल्या वर्गणीतून उभे केलेले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर या. लांबून आलेली माणसं परत जाताना पुस्तकं घेऊन जातात.

धंतोलीकर:
तुमची पणजी आणि माझी हळदीची गाणी मी एका तागडीत घालत नाही. पण तुमच्या लिहिण्यातून माझाच मुद्दा धारदार झाला. 1956 ला लोकांनी ठरवलं. आमच्या पुतणीच्या लग्नात कोणी ठरवलं? हॉलवाल्याने यादी दिली, त्यात मेहंदी, संगीत, सगळं आधीच छापलेलं. तिच्या वडिलांनी कर्ज काढलं. याला निवड म्हणायचं का?

महालची भूगोलवाली:
गोंडांबद्दलचा आक्षेप रास्त आहे. गरब्याला मी अजूनही परका मानणार नाही. धंतोलीकर काका, पुतणीच्या लग्नाबद्दल तुम्ही विचारलंत तेच आता मुलांनी आपापल्या घरी विचारावं असं मला वाटतं. यंदाच्या प्रकल्पात त्यांना तीन पिढ्यांच्या लग्नांची माहिती घरून काढायला सांगते. काय नवं आलं, काय सुटलं, कोणी ठरवलं, पैसे कोणी दिले. मग त्याचा नकाशा करू.

मुक्काम गोंडवाना:
करा. तुमच्या वर्गात ज्यांची आजी गोंडी बोलते अशी मुलं असू शकतात, ती सांगणार नाहीत. त्यांना आजीचं बोलणं गोंडीतच लिहू द्या, देवनागरीत लिहिलं तरी चालेल. आणि त्याचे गुण कापू नका.